आहेराची वही



वैशाख लागला की आमच्या फुलचूरला एकामागून एक मांडव पडू लागतात. गोंदिया शहर अगदी लागून, त्यामुळे बँडही शहराचा आणि भांड्यांची दुकानेही शहराचीच. परंतु मांडवात एक गोष्ट मात्र अजून खेड्याची आहे. कोपऱ्यात घरचा एखादा हिशेबी माणूस वही उघडून बसलेला असतो. नाव, गाव, आहेर. लग्न आटोपते, मांडव सुटतो. वही मात्र ट्रंकेत जपून राहते.

मी इतिहासाचा अध्यापक. राजेरजवाड्यांच्या बखरींइतकीच ही वही मला मोलाची वाटते. रक्कम रुपये-आण्यांत लिहिलेली असली, तर नोंद बहुधा १९५७ पूर्वीची समजावी. कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. कोठे पायलीने तांदूळ लिहिलेले सापडतील, कोठे पितळी गंज, कोठे लुगडे. यावरून काय दिसते? आहेर ही मुळात शोभेची वस्तू नव्हती. एका घरावर खर्चाचा डोंगर आला की दहा घरांनी हात लावायचा, आणि आपली पाळी आली की ते हात परत मिळायचे. वही होती ती एवढ्यासाठीच.

पण या मदतीलाही कर्जाची बाजू होतीच. त्यांनी दिले तेवढे तरी परत केलेच पाहिजे. जमल्यास थोडे चढते. आणि आपल्याकडे लग्नसराई येते ती नेमकी रोवणीच्या तोंडावर. बियाण्याचा पैसा मांडवात गेला, की शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जातो.

यावर विचार करणारी माणसे आपल्यात फार पूर्वी झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लावले. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च अगदी थोडा. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. पुढे १८७५ साली पुणे व नगर भागात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्याची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट नोंदवली. कुणबी लग्नापायीच बुडतो, या समजुतीला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे त्याचे मत पडले. तेव्हा सगळा दोष लग्नाच्या माथी मारू नये. पण कर्जाच्या ओझ्यावर आणखी ओझे कशाला? आपल्या विदर्भातले गाडगेबाबा कीर्तनातून कळवळून हेच सांगत. तुकडोजी महाराजांनीही १९५५ च्या ग्रामगीतेत हुंडा आणि लग्नातील उधळपट्टी यांचा समाचार घेतला.

आता दुसरी अडचण पाहा. कोणी कोणाला विचारीत नाही. मग एका नवरीच्या घरी भिंतीवरची चार घड्याळे, प्लास्टिकचे सहा डबे-संच आणि चकचकीत कागदाचा ढीग जमतो. घड्याळे पुढच्या लग्नात जातात, कागद उकिरड्यावर. अमेरिकेत शिकागोच्या मार्शल फील्ड नावाच्या मोठ्या दुकानाने १९२४ साली यावर तोड काढली, असे सांगतात. वधूने आपल्याला हवे ते दुकानात आधी नोंदवायचे, पाहुण्यांनी त्यातून घ्यायचे. दुकानाचा धंदा वाढला हे खरे, पण कल्पनेत शहाणपण होते.

आपल्याकडे यादी सांगितली आहे ती कायद्यानेच! हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते असल्यास नाते, आणि खाली दोघांच्याही सह्या. सांगा बरे, हे किती घरी होते? पुढे दुर्दैवाने वाद उभा राहिला, तर हाच कागद लेकीच्या वस्तूंचा साक्षीदार होतो.

म्हणून माझे म्हणणे असे. लग्नापूर्वी वधूवरांनी मिळून आपल्या गरजेच्या दहा-बारा लहान वस्तू लिहाव्यात. एक पथ्य मात्र कडक पाळावे: जो आपण होऊन विचारील, त्यालाच ती यादी सांगावी. वरपक्षाने यादी पुढे केली की ती मागणी झाली, आणि मागणी म्हणजे हुंडाच. तिला गोड नाव देऊन भागणार नाही.

यादीत काय असावे? भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला आहे. तिथला एखादा गंज चार मैत्रिणींनी मिळून द्यावा; तो दोन पिढ्या टिकतो आणि मोडीलाही किंमत येते. मोहाडी-आंधळगावकडचे कोशाचे वस्त्र मामांनी मिळून द्यावे. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने आंब्याचे वा लिंबाचे रोप आणावे. मृगाचा पाऊस पडताच ते अंगणात लागते. पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणणे हादेखील आहेरच समजावा. प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटांवर तर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदीच आहे.

गुरुजींना एक विनंती. सुटीनंतर मुलांना घरची जुनी वही आणायला सांगा. आजीजवळ बसून एक पान वाचू द्या. कोणी काय दिले, ते आज कोठे आहे, एवढेच विचारा. पितळी गंज सापडेल. प्लास्टिकचा डबा सापडणार नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या मांडवात वहीजवळ गेलात की रकमेचा संकोच धरू नका. अकरा रुपये आणि एक रोप, असे स्पष्ट लिहायला सांगा. दहा वर्षांनी त्या झाडाचे आंबे खाताना तुमचे नाव निघेल.