विहीर, तलाव, नळ... आणि आपण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आपल्या गल्लीतली सकाळची हाक : "आले काय वं नय?" पंचवीस वर्षांत घरं बदलली, हाक तीच राहिली. तिचा इतिहास मात्र सोसायटीपेक्षा बराच जुना आहे.

रुक्मिणीमातेचं माहेर कौंडण्यपूर. परंपरेनं विदर्भाची राजधानी मानलेलं हे गाव वर्धा नदीच्या काठावर वसलं. उत्खननातही तिथं प्राचीन वस्तीचे अवशेष सापडले. पाणी जिथं, वस्ती तिथं, हा जुन्या लोकांचा हिशेब.

अमरावती मात्र वाढली कापसाच्या व्यापारावर. जवळ मोठी नदी नाही. पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या काळात १८०७ साली परकोटाचं काम सुरू झालं. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. आतलं गाव विहिरींवर जगत होतं. माणसं वाढली, विहिरी पुरेनात. मग इंग्रजी अमदानीत वडाळी आणि छत्री तलाव आले.

१९०१ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या ३४,२१६ होती. २०११ साली, बडनेरा धरून, ती ६,४७,०५७ झाली. आता त्या तलावांवर आपण फिरायला जातो. प्यायचं पाणी येतं मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. म्हणजे कौंडण्यपूरच्याच नदीचं पाणी आपण नळानं घरी आणलं! त्याच धरणावर शेतकऱ्यांचं ओलित आहे आणि नांदगाव पेठचा वीज प्रकल्पही. वाटेकरी वाढले, नदी तेवढीच राहिली.

आपल्या सोसायटीचंही तसंच झालं. एक मजली घरांवर दुसरा मजला चढला, पोरांची लग्नं झाली, वरच्या खोल्यांत भाडेकरू आले. अंगणातले कडुलिंब गाड्यांसाठी गेले. रस्त्याच्या कडेला फरशा बसवायचा ठराव आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. चिखल गेला, हे खरं. पण पावसाचं पाणी मुरायचं थांबलं, आणि दोन उन्हाळ्यांत बोअर आटली. आता आणखी खोल जायचं म्हणतो आपण.

शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, की हजार लिटर पाणी जमतं. ते आज नालीत जातं. त्याला बोअरची वाट दाखवणं फार खर्चाचं काम नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत उरलेल्या ओपन स्पेसवर पार्किंग करायचा विषय आहे. गाड्यांची अडचण मलाही आहे. तरी या वेळी माझा हात खालीच राहील. पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका लिहिणाऱ्याला निदान एक कडुलिंब आणि थोडी उघडी माती दिसावी, एवढीच इच्छा.