बंबाचे टोपण

दिवाळी अंकांत पहिल्या आंघोळीची आठवण निघाली की तांब्याचा बंब येतोच. उटण्याचा वास, थंडीत कुडकुडणारी पोरे, पणत्या, आणि कोपऱ्यात लखलखणारा बंब. पण तो पेटवायचा कसा, राखायचा कसा, त्यात जळण कोणते घालायचे, हे फारसे कोणी लिहीत नाही. मी इलेक्ट्रिक दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेली पंधरा वर्षे आमच्या भंडारा जिल्ह्यातील जुन्या भांड्यांची आणि अवजारांची टिपणे काढत फिरतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. आज ज्या बंबाबद्दल लिहितो आहे तो आमच्याच घरचा आहे, आणि त्याच्यावर आमच्या घरात एक आरोप आहे. खरे म्हणजे आरोप बंबावर नाही, आजीवर आहे.

जानेवारी १९८० मधली गोष्ट. आम्ही वरठीला राहत होतो. भंडारा रोड रेल्वे स्टेशन याच गावात आहे. मी नऊ वर्षांचा, ताई तेरा वर्षांची. त्या सकाळी ताई न्हाणीत आंघोळीला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही, मग गडवा पडल्याचा आवाज झाला. आजीने दाराला धक्के दिले, वरची कडी उखडली आणि ताईला ओढत अंगणात आणले. ताईचा चेहरा मला आठवतो. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू चढला, अजून थोडा वेळ गेला असता तर पोर हाती लागली नसती. ताई वाचली. आठवडाभर तिचे डोके दुखत होते. आणि वडील एक वाक्य बोलून गेले, "आईच्या हलगर्जीपणानं झालं." पुढे ते वाक्य नातेवाइकांतही फिरले. आजीने त्यावर कधी उत्तर दिले नाही. बंबाला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. ती १९९४ मध्ये गेली. बंब माळ्यावर होता, तो मी मागून घेतला.

बंब म्हणजे काय

थंड देशांत घराघरांत बॉयलर असतो. पूर्वी तळघरात कोळसा जळे, तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरे आणि घर उबदार राही. आमच्याकडे घर तापवण्याची गरज नव्हती, आंघोळीचे पाणी तापले की झाले. त्यामुळे आमचा घरगुती बॉयलर कमरेएवढाच राहिला. पण रचनेत तो खरा बॉयलर आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि नळीभोवती पाणी. आग आत आणि पाणी बाहेर. चुलीवर हंडा ठेवला तर ज्वाळेची बरीच ऊब हंड्याच्या कडेने निघून जाते. बंबात ती नळीतूनच वर जाते आणि जाताना चहूबाजूंनी पाण्याला उष्णता देते. रशियातला समोवार याच रचनेचा आहे. तिथल्या तुला शहरात तो अठराव्या शतकापासून बनतो. रिचर्ड ट्रेव्हिथिकने इंग्लंडात १८१२ च्या सुमारास बांधलेला कॉर्निश बॉयलरही तत्त्वाने असाच होता: पाण्याच्या टाकीतून जाणारी एक मोठी नळी आणि तिच्यात आग. १८२९ च्या 'रॉकेट' इंजिनात त्या एका नळीच्या जागी तांब्याच्या पंचवीस नळ्या आल्या.

तांबे का, तर ते लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता पोचवते आणि गंजून भोके पडत नाहीत. 'बंब' या शब्दाचे नाते पोर्तुगीज 'बोंबा'शी, म्हणजे पंपाशी, जोडले जाते. आग विझवणारा बंब आणि पाणी तापवणारा बंब हे त्यामुळे नावाने भाऊ ठरतात.

भंडाऱ्यात अशी भांडी नवलाची नव्हती. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात 'भाणारा' हे नाव येते, ते आजचे भंडारा असे मानतात. भाणे म्हणजे पितळेचे ताट, त्यावरून गावाचे नाव पडले, अशी समजूत इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंदली आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पितळकाम हा या गावाचा जुना धंदा. ठोके देऊन गोल केलेला पत्रा, झाळ दिलेले सांधे आणि पितळेची तोटी यांची इथल्या लोकांना चांगली पारख होती.

आजीचे नियम

आजी शाळेत गेली नव्हती. पण बंबाचे तिचे नियम पक्के होते, आणि आज मी ते तपासतो तेव्हा प्रत्येकाला कारण सापडते.

पहिला नियम: "आधी पानी, मंग इस्तो." रिकाम्या बंबात विस्तव टाकायचा नाही. पाणी असेपर्यंत तांबे शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी उष्णता ओढून घेते. पाणी नसेल तर नळी भराभर तापते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात, पण मऊ झाळ सव्वादोनशे अंशांच्या आतच सुटते आणि बंब गळू लागतो. याच गोष्टीचा उपयोग करून ट्रेव्हिथिकने १८०३ मधल्या ग्रिनिचच्या स्फोटानंतर बॉयलरला शिशाची गुडदी बसवली. पाणी खाली गेले की शिसे वितळे आणि वाफ आगीवर सुटे.

दुसरा नियम: राख रोज काढायची. हवा खालून येते. राख साचली की जाळी गुदमरते, आग धुमसते.

तिसरा नियम: महिन्यातून एकदा चिंचेचे पाणी भरून रात्रभर ठेवायचे. आमच्या विहिरीचे पाणी जड होते. त्यातला चुना नळीला धरतो आणि त्या थराने उष्णता अडते. चिंचेच्या आंबटपणात तो विरघळतो.

चौथा नियम टोपणाचा. लाकडे जळून गेली, धूर संपला, की मधल्या नळीच्या तोंडावर पितळेचे टोपण ठेवायचे. उघड्या नळीतून थंड हवा वर वाहत राहते आणि तापलेले पाणी निवते. टोपण ठेवले की सर्वांची आंघोळ होईपर्यंत पाणी कढत राहते.

त्या जानेवारीच्या सकाळीही आजीने धूर संपल्यावर टोपण ठेवले होते.

जळण बदलले

हे नियम लाकडाचे होते. आमचा बंब अंगणात, पडवीच्या टोकाला असायचा आणि त्यात काटक्या, ढलप्या, गोवऱ्या जळायच्या. सत्तरच्या दशकात सरपण महाग होत गेले. दुसरीकडे वरठीला रेल्वे होती. नागपूर ते राजनांदगाव ही छत्तीसगडची लाइन १८८० ते १८८२ या काळात झाली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि पुढे हा मार्ग रुंद होऊन कलकत्त्याला जोडला गेला. माझ्या लहानपणी या मार्गावर वाफेची इंजिने धावत. इंजिनाची राख काढली की तिच्यात अर्धवट जळलेला कोळसा निघे. बाया तो वेचून टोपलीने विकत. आजी त्याला 'जळका कोरसा' म्हणे. आमच्या झाडी बोलीत 'ळ'चा 'र' होतो.

हा कोळसा घरात आवडता झाला, कारण त्याला धूर नव्हता. दगडी कोळशातला धूर करणारा भाग इंजिनात आधीच जळून गेलेला असतो, उरतो तो बहुतेक कार्बन. धूर नाही म्हणून भिंती काळ्या होण्याची भीती नाही. म्हणून वडिलांनी त्या हिवाळ्यात बंब अंगणातून उचलून न्हाणीत आणला, आईला आणि आजीला पहाटेच्या थंडीत बाहेर बसावे लागू नये म्हणून. हेतू चांगलाच होता. न्हाणीला एक हातभर झरोका होता, त्याला थंडीसाठी पोते लावले होते.

म्हणजे त्या हिवाळ्यात तीन गोष्टी एकदम बदलल्या: जळण, जागा आणि हवा. नियम तेवढे जुने राहिले.

मी केलेली चाचणी

गेल्या हिवाळ्यात मी बंब दुरुस्त करून घेतला आणि अंगणात, उघड्यावर, पेटवून पाहिला. त्यात सुमारे वीस लिटर पाणी मावते. वीस अंशांचे पाणी पंचेचाळीसवर न्यायला पाचशे किलोकॅलरी लागतात. आपल्या भागातल्या साधारण कोळशाच्या एका किलोतून साडेचार हजारांच्या आसपास मिळतात. निम्म्याहून जास्त ऊब वाया गेली असे धरले तरी पाव ते अर्धा किलो कोळसा पुरतो.

एका सकाळी काटक्या जाळल्या. पाऊण तासात ज्वाळा गेली, मागे मूठभर निखारे उरले आणि तेही लवकर राखेत गेले. दुसऱ्या सकाळी कोळसा जाळला. तीन तासांनीही जाळीवर तो लालबुंद होता. मग उदबत्ती पेटवून जाळीच्या तोंडाशी धरली. नळी उघडी असताना उदबत्तीचा धूर आत ओढला जात होता. वर टोपण ठेवले आणि थोड्याच वेळात तो धूर उलटा, बाहेर, माझ्याकडे येऊ लागला.

मला हवे ते उत्तर त्या उदबत्तीने दिले. कोळशाच्या लाल थरात खालून हवा शिरते तेव्हा आधी कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वायू वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. वर हवा मिळाली तर तो निळ्या ज्योतीने जळून जातो. नळीवर टोपण असेल तर तो जळत नाही, वरही जात नाही, जाळीतून खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी १८५७ मध्ये या विषबाधेचे कारण रक्तात दाखवले. इंग्लंडात जे. एस. हॉल्डेन यांनी खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास करून १८९६ मध्ये अहवाल दिला, आणि त्यांच्याच सल्ल्याने पुढे खाणीत कॅनरी पक्षी नेऊ लागले.

लाकडाच्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतो. पण अंगणात ते थोडे असतात, लवकर विझतात, आणि त्याआधी धुराने माणूस सावध होतो. 'धूर संपला म्हणजे धोका संपला' हे आजीच्या आयुष्यभराच्या अनुभवात खरे ठरले होते. जळक्या कोळशाला धूरच नसल्यामुळे तिला सावध करणारे काही उरले नाही.

आणि हे केवळ न शिकलेल्यांच्या घरी घडते असे नाही. एमिल झोला हा जगप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरी, शयनगृहातल्या कोळशाच्या शेगडीच्या वायूने मेला. धुराडे ओढत नव्हते. ते कोणी मुद्दाम बुजवले असावे असा संशयही पुढे घेतला गेला. खाणकामगारांवर कादंबरी लिहिणाऱ्या झोलालाही बंद खोलीतल्या कोळशाचा वायू कळला नाही.

आपल्याकडे मोठ्या बॉयलरसाठी १९२३ पासून कायदा होता. पाच गॅलनपेक्षा मोठे, दाबाखाली वाफ करणारे बंद भांडे असेल तर नोंदणी आणि तपासणी लागे. इंजिनाला फायरमन होता, त्याला शिकवणी होती, वर तपासनीस होता. बंबाचे पाणी वरून उघडे, वाफ कोंडत नाही, म्हणून तो कायद्याबाहेर, आणि ते रास्तही आहे. पण इंजिनातला कोळसा ज्या दिवशी टोपलीतून घरात आला, त्या दिवशी त्याच्याबरोबर फायरमनची शिकवणी आली नाही. ती आजीला कोणी द्यायची होती?

गोवऱ्या, कोळसा, घमेले घेऊन दार लावून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आजही हिवाळ्यात वाचायला मिळतात. म्हणून साधे सांगतो: निखारा लाल आहे तोवर तो घराबाहेर हवा, धूर असो वा नसो. आणि डोके जड झाले तर आधी दार उघडून बाहेर पडा.

हे सगळे कागदावर मांडून मी ताईकडे गेलो. ती आता एकोणसाठ वर्षांची आहे. तिने चष्मा लावून सगळे वाचले, टोपणाच्या भागाशी थोडी थांबली. मग म्हणाली, "बाबांचं वाक्य लिहिलंस ते ठीक. पण दार आजीनंच तोडलं. बहात्तर वर्षांच्या बाईनं. तेही लिही."