हळदोण्याचा ट्रंपेटवादक

भद्रावतीच्या, म्हणजे जुन्या भांदकच्या, एखाद्या वरातीत बँडवाल्याने ‘अलबेला’ चित्रपटातील चाल धरली, की वडीलधाऱ्यांस संगीतकार सी. रामचंद्र आठवतात, आणि भगवानदादा तर आठवतातच, कारण तो नट अमरावतीस जन्मलेला, अर्थात आपल्याच विदर्भातला; परंतु त्या चालींना पाश्चात्य वाद्यांचा साज चढविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या गोमंतकीय बँडप्रमुखाचे नाव घेणारा शंभरात एखादा निघाला तरी पुष्कळ.

त्यांचे नाव अंतोनियो शाविएर वाझ. जन्म १९१६, बार्देशातील हळदोणे गावचा. पोर्तुगीज अंमलात चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर पाश्चात्य स्वरलिपीही शिकवीत. हेतू उपासनेच्या गायनाचा. पण मुलखात रोजगाराचा दुष्काळ असल्यामुळे ही विद्याच पुढे लष्करी बँड, संस्थानिकांचे दरबार, मूकपटांची थिएटरे आणि आगबोटी यांत उपजीविकेचे साधन ठरली. मुंबईस आलेला असा वादक आपल्या गावच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकी आणि कामाच्या शोधात निघे.

१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. कागदावरचे स्वर बिनचूक वाजविणाऱ्या गोमंतकीयांना, कागद बाजूला सारून जागच्या जागी स्वररचना कशी करावी, हा धडा या मंडळींकडून मिळाला. वाझ यांनी आदर्श मानला तो अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा, आणि तोही इतक्या निष्ठेने की हातातील रुमालासकट. लोकांनी त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले. व्यवसायात मात्र ते ‘चिक चॉकलेट’ या नावानेच वावरले. त्यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ बँडला ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात काम मिळाले, आणि पुढे ते खुद्द ताजमध्ये वाजवू लागले.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, संस्थाने विलीन झाली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नृत्यरात्रींचा उरलासुरला आर्थिक पायाही खचविला. दारूबंदीच्या हुकुमाने कोणकोणाच्या धंद्यावर गदा येते, हे २०१५ ते २०२१ असा सहा वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या चंद्रपूरकरांस विस्ताराने सांगायला नको. मुंबईच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल, की हॉटेलांचे नुकसान हा चित्रपटांचा लाभ ठरला, कारण तेथील वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले.

या स्टुडिओंतील कामाची रीत मोठी मजेदार होती. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे. साहाय्यक ती सरगमात टिपून घेई. संयोजक तीच स्वरलिपीत उतरवून व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांचे निरनिराळे कागद करी, मधले वाद्यखंड रची आणि सुरांखाली स्वरमेळ घाली. आपल्या रागसंगीतात स्वरमेळाला स्थान नसल्यामुळे हे काम जाणणारे बहुतेक गोमंतकीयच होते. सी. रामचंद्रांनी वाझ यांना साहाय्यक म्हणून घेतले, आणि १९५१ चा ‘अलबेला’ हे त्या सहवासाचे सर्वांत ठळक फळ होय. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या विद्यालयात शिकलेला मराठी गवई आणि चर्चच्या शाळेतून आलेला ट्रंपेटवादक यांचे इतके जुळावे, हे मला त्या काळच्या मुंबईचेच कर्तृत्व वाटते. पुढे मदनमोहन यांच्याकडेही वाझ यांनी काम केले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीने मात्र अशा संयोजकांशी कंजूषपणा केला, आणि ‘साहाय्यक’ हा एक शब्द त्यांच्या खात्यावर मांडून हिशेब मिटविला. हा अन्यायच होय.

१९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये, भूपिंदर यांच्या गाण्याच्या वेळी, वाझ पडद्यावर ट्रंपेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले. वाचकांनी ‘अलबेला’ पुन्हा पाहिला, तर ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला बँड जरा निरखून पाहावा. तो वाझ यांचाच आहे.