काळोखातला स्वयंपाक

'रोल धुवायला टाकलाय,' असे परवापरवापर्यंत घरोघरी म्हणत. पण हे धुणे कपड्यांचे नव्हे. त्याची जात स्वयंपाकाची!

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले आणि दादरच्या राहत्या घरातच त्यांनी कारखाना थाटला. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात घेतले होते. कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. काळोखात बसून तिला भोके पाडायची, रसायने कालवायची, फिल्म धुवायची, ही कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री हा दुसरा! आणि भांडवलापायी त्यांचे दागिने गहाण पडलेले. वरण करपले तर दुसरे टाकता येते. औषध बिघडले तर दिवसभराचे चित्रण गेलेच म्हणायचे. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यामागे हे सारे होते.

या औषधाला डेव्हलपर म्हणतात. प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारकणांची ते काळी चांदी करते. न लागलेल्यांना सहसा शिवत नाही. कोडॅकची १९२७ सालची 'डी-७६' ही कृती तर पुढे कित्येकांनी घरी करून पाहिली. लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २. टाकणखार म्हणजे आपल्या आजीच्या बटव्यातलाच!

खुबी आहे ती क्रमात. मेटॉल आधी विरघळवावे; सल्फाइट आधी ओतले, तर ते विरघळायला नाखूश असते. मात्र चिमूटभर सल्फाइट अगोदर टाकतात, म्हणजे मेटॉलला हवा बाधत नाही. मोहरी तडतडण्याआधी हळद घालू नये, हे जिला ठाऊक आहे तिला हे वेगळे शिकवायला नको. फिल्म धुताना औषध मात्र सुमारे २० अंशांचे हवे. मुंबईच्या वैशाखात ते आणायचे कुठून? भांड्याभोवती बर्फ रचूनच!

१९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत तर चक्क इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा कालवून चित्रे उमटवली गेली. वास मात्र, करून पाहिलेले सांगतात, कॉफीचा म्हणून राहत नाही.