पुरावा उमेदवाराचा, नजर परीक्षकाची

मागच्या वेळी आपण लंडनच्या सिटी अँड गिल्ड्सपाशी थांबलो होतो. १८७८ साली स्थापना, पुढच्याच वर्षी कारागिरीच्या परीक्षा, आणि विद्यार्थी पास झाला की शिक्षकाला त्याप्रमाणे पैसे. ही पैशांची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आता एकदम शंभर वर्षं पुढे जाऊ. इंग्लंडमध्ये १९८६ साली राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता परिषद निघाली. तोवर फिटर तयार झाला की नाही, हे बहुधा उमेदवारीच्या वर्षांवरून ठरे, नाहीतर लेखी पेपरावरून. परिषदेचा विचार खरोखर उदार होता. कुठे शिकलात, किती वर्षं शिकलात, हे विचारायचंच नाही. काम येतं का, तेवढं बघायचं. शाळा लवकर सोडून वीस वर्षं वृद्धांची शुश्रूषा केलेल्या बाईला यातून प्रमाणपत्राची वाट मिळत होती. गिल्बर्ट जेसप यांनी १९९१च्या पुस्तकात हीच बाजू मांडली: निकष नेमके लिहा, मग पुरावा कुठूनही येऊ दे.

पण 'नीट' म्हणजे किती नीट? निकष उलगडायला पोटनिकष आले, पोटनिकषांना टिपा आल्या. हे लांबतच जातं, आणि तरीही दोन परीक्षक एकच काम वेगळं तोलतात, असं अ‍ॅलिसन वुल्फ यांनी १९९५ मध्ये दाखवलं. परीक्षकांची नजर जुळते ती एकत्र बसून, तेच नमुने पुन्हापुन्हा बघून. आम्हाला तरी हे पटतं.

पुराव्याला कसोट्या चार: वैध, अस्सल, ताजा, पुरेसा. घात केला तो 'पुरेसा'ने. कमी पडायला नको म्हणून फायली फुगल्या. फोटो, साहेबाची साक्ष, उमेदवाराने स्वतः लिहिलेली कामाची वर्णनं. म्हणजे बघा, हाताने काम करणाऱ्याची परीक्षा फिरून लेखणीवरच आली!

आणि पैसे. प्रशिक्षण संस्थेच्या अनुदानाचा काही भाग उमेदवार पात्र ठरल्यावरच सुटायचा. पात्र ठरवणारा परीक्षक पुष्कळदा त्याच संस्थेचा पगारी माणूस. त्याने 'अजून नाही' म्हणायचं तरी कसं? १९९६च्या बोमाँट अहवालात किचकट भाषा आणि कागदांचं ओझं यांवर बोट ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी परिषद दुसऱ्या संस्थेत विलीन झाली.

आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, त्यातही आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याचं तत्त्व आहे. बिनकागदाचा गवंडी तिथे परीक्षकापुढे काय घेऊन उभा राहतो, ते पुढच्या व्याख्यानात बघू.