पडदा रंगवणारे हात

वाचकहो, कीर्तनात वीणेकरी दिसतो, मृदंगाची थाप ऐकू येते. मंडप बांधणारा मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. अशाच एका मंडप बांधणाऱ्याची आज आठवण करू या.

शेख फत्तेलाल, कोल्हापूरचे 'साहेबमामा'. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंच्या हाताखाली ते व विष्णुपंत दामले तयार झाले. नाटकांचे पडदे रंगवणे हे तिथले मोठे काम. रस्ता, राजवाडा, जंगल असे पडदे. या कामाचा एक दंडक असतो: पडदा नटाच्या पुढे येता कामा नये. प्रेक्षक पडद्याकडेच पाहत बसले, तर रंगाऱ्याचे काम फसले.

पुढे दोघे चित्रपटात आले. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या 'प्रभात'चे ते भागीदार. १९३६ मध्ये दोघांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी तो हात जोडून पाहिला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता जरा विचार करा. तुकोबांचे देहू त्या पडद्यावर उभे करणारा कलावंत मुसलमान होता. शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला याचे नवल वाटू नये. नवल वाटावे ते त्या देहूचे. तिथे झगमगाट नाही. अंगण, गुरे, रोजची ओढाताण आहे. लेकरू आजारी पडले म्हणून विठोबावर पायताण उगारणारी जिजाई आहे. शेवटी वैकुंठाचे विमान येते, तरी जिजाईचा जीव संसारातच गुंतलेला राहतो. वैकुंठ खरे वाटते, कारण त्याआधी संसार खरा वाटलेला असतो.

त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद लोकांनी तुकोबांचा अभंग समजून गायले. कवीचे नाव मागे राहिले, पद पुढे गेले. विष्णुपंत पागनीसांचेही तसेच झाले. लोकांना त्यांच्या जागी तुकोबाच दिसू लागले.

आपण सेवा करतो, तेव्हा पाटीवर नाव लागावे असे मनात येतेच. देणगीच्या फलकावर ते शोधणारी नजर आपलीच असते. अशा वेळी साहेबमामांचा पडदा आठवावा. तो पाहताना लोकांना रंगारी दिसला नाही, देहू दिसले. सेवेला याहून मोठी पावती कोणती?

राम कृष्ण हरी.