पहारा जागा होता

इराणच्या मध्यभागी, वाळवंटाच्या कडेला, नतांझ नावाचे एक गाव आहे. त्याच्याजवळ जमिनीच्या पोटात इराण सरकारने एक कारखाना उभारला. २००२ साली परदेशात आश्रय घेतलेल्या विरोधकांनी त्याचा बोभाटा केला आणि साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले. आत पुरुषभर उंचीच्या सडपातळ नळ्यांच्या रांगाच रांगा. त्यांना सेंट्रिफ्यूज म्हणतात. दुधातून साय वेगळी काढणारे डेअरीतले यंत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यांचे मर्म चटकन कळेल. युरेनियमचा वायू नळीत भरून ती गरगरा फिरवायची. जड अंश कडेला जातो, हलका आणि कामाचा अंश मध्याकडे राहतो. हा कामाचा अंश निसर्गात शेकडा एकसुद्धा नसतो. म्हणून एका नळीतले दुसरीत, दुसरीतले तिसरीत असे करीत १६४ नळ्यांचे एकेक कुटुंब बांधलेले. आणि वेग सेकंदाला १०६४ फेरे! मिनिटाला नव्हे, सेकंदाला.

थोडे शुद्ध झालेले युरेनियम वीज देते, फार शुद्ध झालेले बॉम्ब देते. इराण म्हणे, आम्हांला वीज हवी. अमेरिका आणि इस्रायल यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

कारखान्याचे संगणक बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नव्हते. तटबंदी चिरेबंदी होती म्हणा ना! पण किल्ल्यात माणसे ये-जा करतात, आणि माणसांना खिसे असतात. कारखान्याच्या कामाशी संबंध असलेल्या पाच इराणी संस्थांच्या संगणकांत एक विषाणू सोडण्यात आला. पेनड्राइव्हवर बसून तो एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. त्याचे ‘स्टक्सनेट’ हे बारसे पुढे त्याला पकडणाऱ्यांनी केले. तोवर जगाला ठाऊक नसलेल्या चार फटी त्याला विंडोजमध्ये सापडलेल्या होत्या, आणि दोन तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या सहीशिक्क्यांवर तो सभ्य गृहस्थासारखा आत शिरे.

साधा विषाणू दिसेल त्याला चावतो. हा मात्र मोठा निवडक. सीमेन्सचे विशिष्ट नियंत्रक, त्यांना जोडलेली फिनलंडची किंवा इराणची वेगबदलाची यंत्रे, त्यांचा ठरावीक वेग, इतके सारे जुळले तरच तो कामाला लागे. एरवी स्वस्थ बसे. लागल्यावरही घाई नाही. दिवसचे दिवस नुसते पाहायचे. मग पंधरा मिनिटे वेग १४१० वर न्यायचा आणि पुन्हा पूर्ववत करायचा. पुढे जवळजवळ महिनाभर शांतता. नंतर वेग एकदम २ वर आणायचा, पन्नास मिनिटे. नळ्या थरथरत, तडकत, निकामी होत.

त्याची एक आधीची आवृत्ती होती, ती मला अधिक भयंकर वाटते. ती झडपा बंद करून नळ्यांतला दाब वाढवी. पण त्यापूर्वी सारे सुरळीत असतानाचे २१ सेकंदांचे आकडे टिपून घेई, आणि घातपात चालू असताना तेच आकडे पहारेकऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा फिरवी.

आपल्याला हे नवे नाही. आग्र्याच्या कोठीत महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद शेला पांघरून निजला, हात तेवढा बाहेर, बोटात महाराजांची अंगठी. फुलादखानाचा पहारा डुलक्या घेत नव्हता. तो जागा होता, डोकावत होता, हात पाहत होता, अंगठी पाहत होता, आणि निश्चिंत होत होता. नतांझच्या तंत्रज्ञांचे तेच झाले. फरक एवढाच की हिरोजीने प्राण पणाला लावले होते. येथे पांघरुणाखाली कोणीच नव्हते.

यंत्रे मोडत होती आणि पडदा म्हणत होता, सर्व क्षेम आहे. अशा वेळी माणूस कोणाला दोष देईल? सुट्या भागांना, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, शेवटी स्वतःला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१२ साली दिलेल्या वृत्तान्तात एक तपशील आहे. इराणी अधिकाऱ्यांचा आपल्या उपकरणांवरचा विश्वास इतका उडाला, की त्यांनी कारखान्यात माणसे बसवली आणि डोळ्यांना दिसेल ते रेडिओवरून कळवण्यास सांगितले. विसाव्या-एकविसाव्या शतकाची सारी विद्या बाजूला ठेवून पुन्हा टेहळणीचा गडी!

जून २०१० मध्ये इराणमधला एक संगणक सारखा बंद पडून आपोआप सुरू होऊ लागला, आणि बेलारूसमधल्या एका छोट्या कंपनीच्या सर्गेई उलासेन यांनी त्यातून हा विषाणू बाहेर काढला. हजारेक सेंट्रिफ्यूज बदलावी लागली असा अंदाज आहे. इराणचे काम त्याने किती मागे पडले, याविषयी जाणकारांत एकमत नाही. वरील वृत्तान्ताने हे कृत्य अमेरिका आणि इस्रायल यांचे म्हणून सांगितले. दोन्ही सरकारांनी ते उघडपणे कबूल केलेले नाही. जून २०२५ मध्ये त्याच नतांझवर या दोन्ही देशांचे खरेखुरे बॉम्ब पडले, ते मात्र उजळ माथ्याने.

तरी बॉम्बची एक गोष्ट बरी. फुटला की त्याची रचना शत्रूच्या हाती साबूत लागत नाही. विषाणू मात्र आपली संपूर्ण प्रत मागे ठेवून जातो. स्टक्सनेट नतांझच्या भिंती ओलांडून जगभर पसरला. सप्टेंबर २०१० पर्यंत लाखभर यंत्रांत आढळला. त्यात इराण आणि इंडोनेशिया यांच्या पाठोपाठ हिंदुस्थानचा क्रमांक होता, शेकडा आठ. शोधीत असलेले कुलूप येथे न सापडल्याने आपण वाचलो.

सरकारांच्या गुप्त कोठारांतली अशी हत्यारे कोठारातच राहतील, तर तेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने जपलेले एक हत्यार चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. २७ जूनला ते ‘नॉटपेट्या’ नावाच्या विषाणूच्या पोटात निघाले. युक्रेनमधल्या करभरणीच्या एका सॉफ्टवेअरमधून तो सुटला. पुढे अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियन लष्करावर बोट ठेवले. रशियाने कानांवर हात ठेवले. भांडण त्या दोघा शेजाऱ्यांचे. पण डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात सापडले. तिच्याच समूहाचे एक टर्मिनल आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरात होते. तेथील काम ठप्प झाले आणि कंटेनर जागच्या जागी खोळंबले. उरण-पनवेलकडच्या ज्या ट्रकवाल्यांचा माल त्यांत अडकला, त्यांतल्या कितीजणांना युक्रेन नकाशावर दाखवता आले असते?